बाजारात बोललेला आकडा

सर्जेरावांना त्या दिवशी तोंडातून फक्त एक आकडा काढायचा होता. त्या बदल्यात तीन गावांची मतं पदरात पडणार होती. म्हणजे सौदा स्वस्तच. तो आकडा बाजारभर नेला मी.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. एक्क्याऐंशी साली कचरू मंडपवाल्यानं मला जुन्या जालन्यातून आष्टीला आणलं. लग्नात आहेर ओरडायचं माझं काम. इथली रीत अशी, की भोंग्यावर आकडा आला म्हणजे तो दिलाच. नंतर मागेल त्याचीच अब्रू जाते.

मग कचरूच्या लेकीला, नऊ वर्षांच्या बेबीनंदाला, चार पावलांत धाप लागू लागली. चेन्नईचे डॉक्टर म्हणाले, हृदयच बदलावं लागेल. खर्च आठ लाख. त्यातले दोन लाख आधी भरा, मगच नाव यादीत.

कचरूनं मला बाजारात टांगलं आणि मदतीसाठी खाली धोतर अंथरलं. सर्जेराव माझ्यातून गरजले, "एक्कावन्न हजार!" मग काय, आकड्यांची चढाओढच लागली. दिवस कलेपर्यंत माझ्या तोंडानं दोन लाख झाले. धोतरावर मात्र चिल्लर. भाजीवाल्या तुळजाबाईनं तर काढलेली पन्नासाची नोट परत कमरेला खोचली. "झालं की पुरं! माह्या पन्नासानं काय व्हतंय?"

आठ दिवस कुणी फिरकलं नाही. पोर बसूनच झोपायची. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा.

"मागू कसं?" कचरू म्हणाला. "भोंग्यावर बोललेत ते."

"भोंगा घरचाच हाय न?" गिरिजाबाई, त्याची बायको, म्हणाली. "मंग."

पुढच्या बाजारी माइक तिनं धरला. आधी तुळजाबाईला गाठून आली होती. "तुळजाबाई, पन्नास रुपये, हातात आले!" जे आलं, तेवढंच ती बोलत राहिली. सर्जेराव कान टवकारून उभे होते. शेवटी जवळ आले.

"वहिनी, आमचं नाव राह्यलं."

"राह्यलं न्हाई, भाऊ. तुमचे पैसे चालत येऊन राह्यले, नाव त्यांच्या मागं हाय."

बाजार खदखदून हसला. सर्जेरावांनी घरून पाच हजार आणले आणि हळूच म्हणाले, "एक्कावन्न म्हणा."

"सर्जेराव, पाच हजार, हातात आले!"

उरलेले आणायला त्यांना आणखी दोन चकरा पडल्या. बाकीचेही मग निमूट आले. यादीत नाव लागलं. उरलेल्या सहा लाखांत मंडप गेला, कढया गेल्या, दीड एकर रान गेलं. माझा काठ चेपलेला, म्हणून मला गिऱ्हाईक मिळालं नाही.

आता मी बाभळीखाली असतो. कोंबडी माझ्यात अंडी घालते. कधीमधी बेबीनंदा पळत येते, ओढणीनं मला पुसते. मित्रांनो, थकलेल्या वस्तूला असं पुसत जा. आणि आकडा बोलायच्या आधी खिशात हात घालत जा.

कुणी काय भरलं? सर्जेरावांनी एक्कावन्न हजार, तुळजाबाईनं पन्नास, कचरूनं होतं नव्हतं ते. आणि तिकडं कुठंतरी एका घरानं, अपघातात गेलेल्या आपल्या लेकराचं हृदय. त्यांनी एक पैसा घेतला नाही. दवाखान्यानं नाव सांगितलं नाही.

जन्मभर मी देणाऱ्यांची नावं ओरडलो. हे एक नाव मला कुणी दिलंच नाही.