उष्टावणाची कलेजी

रझाकारांची धामधूम संपून दोन वर्षं झाली होती. वालूरच्या कडेला धनगरवाड्यात बिरूच्या पोराचं उष्टावण होतं. पोराला पहिला घास मामानं भरवायचा, आणि त्या घासाला आधी कुणी तोंड लावायचं नाही, हा घरचा रिवाज. मामा भुजंग सेलूहून बोकडाची कलेजी घेऊन सकाळीच चालत आला होता.

कलेजी शिजवून वाटायचं काम पोराच्या आईकडं, कासाबाईकडं आलं. शिरा काढून तिनं ती पाट्यावर लोण्यासारखी मऊ वाटली. पुरुषांची पानं उठल्यावर बायांनी जेवायचं, त्यामुळं अंगावर पाजणाऱ्या कासाबाईच्या वाट्याला कधी रश्शापलीकडं काही यायचं नाही. गुठळी राहिली का बघावं म्हणून तिनं बोट चाटलं. गुठळी नव्हती. तरी दुसरं बोट चाटलं. भूक मोठी बेरकी, निमित्त सांगून आत येते आणि मग घरच आपलं समजते. कासाबाई भानावर आली तेव्हा पाटा धुतल्यासारखा झाला होता.

"आन गं वाटी," बाहेरून भुजंग म्हणाला.

कासाबाईनं रिकाम्या पाट्याकडं पाहिलं. आई म्हणवून घ्यायची तिला लाज वाटली. तेवढ्यात सासू म्हाळसाबाई आत आली. तिनं पाटा पाहिला, सुनेचा चेहरा पाहिला. म्हातारी जिभेची तिखट, म्हणून सून मान खाली घालून उभी राहिली.

म्हाळसाबाईनं भाकरीचा पापुद्रा रश्शात कुस्करला आणि वाटी घेऊन बाहेर गेली.

"कलेजी म्याच खाल्ली," ती म्हणाली. "तोंडात दात न्हाईत. मऊ दिसली, खाल्ली."

माणसं हसली. बिरू मात्र चिडला. "लेकराच्या घासावर टपलीस व्हय, आये? लाज न्हाई वाटत?"

"वाटायलीय की," म्हातारी म्हणाली.

ते शब्द आत कासाबाईच्या काळजाला लागले. खरं सांगून टाकायचं म्हणून ती दारात आली. आईला बघून पोर मामाच्या मांडीवरून झेपावलं. तिनं त्याला घेतलं. भुजंगनं पुढं केलेला घास पोरानं तोंडाबाहेर ढकलला, आईचा हात धरला आणि तिची बोटं अधाशासारखी चोखायला लागलं.

बिरूनं त्या बोटांकडं पाहिलं, मग आपल्या आईकडं. म्हाळसाबाईनं मान दुसरीकडं वळवली.

हात सोडवून घ्यावा असं कासाबाईला फार वाटलं. पण पोराला भूक होती, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला.