सरकारी माहेर

माझी माय मैनाबाई आमगावहून मले पहिल्या बाळंतपनाले न्यायले आली, आन् आल्या आल्या म्हने, "पानी नको." आमच्याकडे रीतच तशी. लेकीले लेकरू होईस्तोवर तिच्या सासरी मायबापानं पान्याचा घोटबी घ्यायचा नाही. वैशाखाचं ऊन, कारखान्याच्या बांधकामाची ती लाल धूळ, गाडीत आनलेला तांब्या केव्हाचा सरलेला, आन् माय आमच्या ओसरीत घामानं निथळून राहिली होती.

"मरशीन नं वं, माय!"

"मेली तरी चालंन, कांता. रीत नाही मोडाची."

अशी माही माय. आता हिच्यापुढं दवाखान्याचं नाव कोन काढंन?

आमच्या कामगार कॅम्पातल्या दवाखान्यात सेनबाई म्हनून लेडी डॉक्टर होत्या. त्यायनं पोट तपासून मले सांगतलं होतं, "बच्चा आड़ा है. रेल में मत बैठना." आमगावले सुईन होती, पन ऑपरेशन कराची वेळ आली तं काय? खरं सांगतो, मले लय भेव वाटून राहिलं होतं. मले जित्तं राहाचं होतं, आन् लेकरूबी जित्तं पाहिजे होतं. त्यात सेनबाई म्हनल्या, लवकर ये, बाळंतपनाचा हा वॉर्डच बंद करून राहिले. सगळ्यायच्या बायका जचकीले माहेरी जात, खाटा रिकाम्या पडून राहत. कारखान्याच्या मोठ्या साहेबाचं म्हननं, तिथं बांधकामावरचे जखमी ठेवू.

घरी सांगतलं तं सासू रुक्माबाई म्हने, "पहिलं बाळंतपन माहेरीच. नाही धाडलं तं लोकं मलेच नावं ठेवतीन." माय म्हने, "उद्याच्या प्यासिंजरनं नेतो." आन् आमचे हे, कामावर भल्याभल्यायवर खेकसनारे, दोघींच्या मधात खुंट्यासारखे उभे. बापा, काय तो मर्दपना!

मंग मीच मायले म्हटलं, "जाचं तं जाऊ, पन डॉक्टरनीले सांगून तं येऊ." दवाखान्याच्या वऱ्हांड्यात माठ होता. मायनं माठाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"हे कोनाचं पानी?"

"सरकारचं."

"जावयाचं नाही नं?"

"जावयाचा काय संबंध, वं!"

मायनं लोट्यावर लोटे रिचवले. मथुरा आयानं चहा देला, तोबी घेतला. जिवात जीव आल्यावर तिनं वॉर्डात जाऊन खाटेवरची गादी दाबून पाह्यली, भिंतीले हात लावला, आन् बसलीच.

"हे काही तुहं सासर नाही," म्हने. "सासर नाही, तं मंग माहेरच नं!"

सेनबाईनं पुन्हा पोट तपासलं, अजून आडवंच म्हनल्या, आन् हसत हसत मले भरती करून घेतलं. सासूबाईले तं बहानाच पाहिजे होता. सून मायच्या ताब्यात देली, आता नावं ठेवाले जागा नाही. मायनं वऱ्हांड्यात शेगडी मांडली आन् राज्य सुरू केलं. सेनबाईलेबी सोडलं नाही: "डॉक्टरीन असशीन, पन कानाले फडकं बांध, वारं लागंन." ही गोष्ट कॅम्पात फिरली. लेकीच्या घरी उपाशी-तापाशी बसलेल्या आनखी माया पानी प्यायले आल्या, मंग आपापल्या पोरींले घेऊन आल्या. खाटा भरल्या.

माही जचकी सोपी नाही झाली. शेवटी ऑपरेशन करा लागलं. पोरगी झाली, दोघीबी वाचलो.

मी उठून बसाले लागली तवा मोठा साहेब वॉर्ड पाहाले आला. माय पदर खोचून पुढं झाली. मी म्हटलं, मेलो, आता माय साहेबाले शिव्या देते! पन मायनं हात जोडले.

"साहेब, हिच्या आधीची माही पोरगी अशीच आडवी होती. सुईन चांगली होती बिचारी, पन तिच्यापाशी काय होतं? पोरगी गेली. असा दवाखाना असता, तं मले आज दोन लेकी असत्या."

 साहेबानं सेनबाईले इचारलं, आनखी किती खाटा लागतीन.

मले मोठी बहीन होती, हे मी तवाच आयकलं. साहेब गेल्यावर मी मायवर भडकलीच. "एवढं माहीत होतं, तरी मले गाडीनं तिथंच कायले नेत होती?"

"भेवानं, बाई. तू माह्या डोळ्यापुढं पाहिजे होती. दुसरं काय समजते मले?"

मी तिचा हात धरला. मंग इचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"नाव ठेवाले वेळ कुठं भेटला," माय म्हने, आन् रडाले लागली. माही माय रडते हे मले ठाऊकच नव्हतं. मी माही पोरगी तिच्या मांडीवर देली, आन् मीबी रडली.