शाळेतली चूल

साहेबाला पुरणाचे मांडे खाऊ घालायचे की नुसता चहा पाजायचा, यावरून दगाकाका आणि त्याची बायको भागाबाई सकाळपासून भांडत होते.

"वकिलानं काय सांगतलं व्हतं?" काका ओरडला. "पोरं शाळेत बसवा अन् गप ऱ्हा. बस!"

"वकिलाच्या घरी रीत नशीन. आपल्या दारचा पाहुना उपाशी जाईन का?"

फोपनार गावाच्या पुढं, केळीच्या मळ्यांत आमची वाडी. पोरं कमी आहेत म्हणून खात्यानं आमची शाळा बंद केली आणि हायवेपलीकडच्या शाळेत घातली. ट्रकांमधून तो रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाची पाचावर धारण बसते. काकाची नात कविता दुसरीतली, आईबापाविना वाढलेली. ती घरीच बसली. वाडीची शाळा उघडली तरच पोर शिकणार होती.

म्हणून काकानं कोर्ट धरलं. शहरातल्या शनवाऱ्याचे चेतन वकील म्हणाले, आधी खात्यात अर्ज द्या, पोच घ्या, उत्तराची वाट बघा. उत्तर कसलं येतंय! मग शपथपत्र, मग याचिका, मग खात्याला नोटीस. हायकोर्ट जबलपूरला, तिथल्या गाडीत बसून काकाचे गुडघे गेले, आणि तिथं पोचलं की पुढची तारीख. शेवटी खात्यानं उत्तर दिलं, की वाडीत पोरंच नाहीत. कोर्ट म्हणालं, जाऊन बघा आणि अहवाल द्या. आज बघायला येणार होता, तो खात्याचाच साहेब.

भांडणात भागाबाई जिंकली. ती नेहमीच जिंकते. पण बाहेर वारा असा सुटला की चूल धरेना, पुरणात धूळ पडायला लागली. तिनं मांड्यांचं मातीचं खापर उचललं आणि थेट शाळेच्या खोलीत चूल मांडली. धूर झाला म्हणून पोरांना मागच्या मळ्यात पिटाळलं. पाहुण्याआधी पोरांनी पंगतीला बसायचं नाही, ही आमची रीत. वाडीतले सगळे शहाणे तिथं हजर होते, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

साहेब आले. भागाबाईनं हातावर मांडा पसरवत पसरवत खापरावर टाकला, तसा साहेबांनी मोबाईल काढला. चुलीचा फोटो घेतला, पंगतीचा घेतला. मग मांडी घालून दूध-तुपाशी असे जेवले की बघत राहावं.

"वा बाई! ऐसे मांडे तो शहर में भी नहीं मिलते."

"साहेब, पोरं पाहून घ्या," काकानं हात जोडले. "मळ्यात बसेल हायत. बलावतो."

"हो गया दादा, सब देख लिया."

हात पुसत ते जीपमध्ये बसले. पोरं धावत आली तोवर जीप वळणापार गेली होती.

अहवालात लिहून आलं, की खोलीत एकही मूल नाही; इमारतीत गावकरी स्वयंपाक करतात, पंगती उठवतात. सोबत फोटो. याचिका फेटाळली गेली. वर सरकारी इमारत बळकावल्याची नोटीस काकाच्या नावानं आली, आणि तिचं उत्तर द्यायचं त्याच साहेबाला. काका ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मला तर त्या मेल्याच्या ताटात माती कालवावीशी वाटली.

मग एक दिवस साहेबाची जीप पुन्हा वाडीत आली. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि मांडे भागाबाईच्याच हातचे हवे होते.

"म्या नही जात," भागाबाई म्हणाली. "त्याच्या मढ्यावर घाल म्हना मांडे."

"नोटीस त्याच्या हाती हाये," काका खाली मान घालून म्हणाला. "जाय वं."

ती गेली. कविता तिचा पदर सोडेना, म्हणून तिलाही नेलं. लग्नघराच्या मागच्या अंगणात पोर चुलीत लाकडं सारत बसली. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. साहेब तिथून जाताना थांबले, कौतुकानं खाली वाकले.

"बेटी, स्कूल नहीं जाती?"

"शाळेत तं तुमी जेवले ना," कविता म्हणाली.

साहेब पोट धरून हसले, आणि भागाबाईला म्हणाले, "बाई, एक मांडा और."