लाल रेघा

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे. पण माझ्याकडून तुमचं नाव लिहून घ्यायला जाल तर फसाल. तुम्ही आकडे टाइप करा, मी त्यांच्या जागी उभ्या रेघा काढतो, काही जाड, काही बारीक. दुकानातलं मशीन आपला उजेड टाकून त्या वाचतं आणि टिंग करतं. लोक मला बारकोड म्हणतात. अडाणी लोक कंगवा म्हणतात, त्यांचा मला राग येतो.

एका फ्लॉपीत बसून मी लालबागला राजारामच्या छपाईच्या दुकानात आलो. राजाराम आधी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, मग तो कॉम्प्युटर शिकला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. संपाच्या दिवसांत भाडोत्री गुंडांनी गिरणीच्या फाटकात त्याच्या मित्राला, धोंडूला, लोखंडी सळयांनी मारलं. राजाराम मध्ये पडला, तेव्हा त्याची बोटं मोडली. धोंडूचं डोकं फुटलं आणि तो तिथेच गेला. फरशी लाल झाली होती, तरी फाटकावरचे पहारेकरी पोलिसांना म्हणाले, आम्हाला काही दिसलं नाही.

धोंडूची बायको मालन चाळीतल्या बायकांना घेऊन मालवणी मसाला करायची. पुढे गिरणीच्या जागी काचेचं मोठं दुकान उभं राहिलं, फाटक मात्र जुनंच राहिलं. गणपतीआधी मसाला ठेवून बघू, असं त्या दुकानाने कबूल केलं. अट एकच, प्रत्येक पाकिटावर बारकोड हवा. बायकांनी गळ्यातलं गहाण टाकून मिरच्या आणल्या होत्या. माल परत आला असता तर सगळ्याच बुडाल्या असत्या.

मालन राजारामकडे आली. पडद्यावर मला बघून तिने तोंड वाकडं केलं.

"पयल्या मालाक काळो रंग लावूचो नाय, राजाराम. कुंकवासारखो लाल कर. माझ्या कपाळार नाय, पाकिटार तरी असांदे."

राजारामला नाही म्हणवेना. त्याने मला लाल शाईत छापलं. मित्रांनो, मी आतून ओरडत होतो, पण फॉन्टला तोंड कुठे असतं?

पुढचं मी लेबलांवरून पाहिलं. काचेच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने पाकिटावर मशीन धरलं. टिंग झालं नाही. दुसरं पाकीट, तिसरं पाकीट, तेच. मॅनेजर म्हणाला, "खोटा माल आहे, बाहेर काढा." रखवालदाराने मालनला दंडाला धरून फरफटत फाटकापर्यंत नेलं. तिचा मुलगा शिवा धावून गेला आणि त्याने रखवालदाराच्या नाकावर ठोसा मारला. मग चौघा रखवालदारांनी त्याला खाली पाडून काठ्यांनी बडवलं. पाकिटं पायाखाली फुटली, तिखट सगळ्यांच्या डोळ्यांत गेलं, तरी काठ्या थांबल्या नाहीत. जिथे बाप पडला होता तिथेच मुलाचं डोकं फुटलं. मला त्या काठ्यांची अजून चीड येते.

डोक्याला टाके घातलेल्या शिवाला घेऊन मालन थेट छपाईच्या दुकानात आली. तिने राजारामची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं.

"काय छापलंस रे मेल्या? माझो झील मरत होतो!"

राजारामने हात उचलला नाही. शिवा खुर्चीत कसाबसा बसला आणि म्हणाला, "काका, त्या मशीनचा दिवा लाल आहे."

राजारामने टेबलाचा खण ओढला. गणपतीच्या सजावटीचा लाल जिलेटिन कागद त्यात होता. तो त्याने लेबलावर धरला. मी नाहीसा झालो. कोरा कागद तेवढा राहिला. लाल उजेडाला लाल रेघ दिसतच नाही.

मालनने तो जिलेटिन कागद दोनदा उचलून पाहिला. मग ती शांतपणे म्हणाली, "काळो छाप. त्या फाटकात लाल कोणाक दिसणा नाय. तेव्हाय दिसूक नाय."

दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या पाकिटांवर काळी लेबलं चिकटवून, ती घेऊन, शिवाला बरोबर घेऊन, त्याच फाटकातून आत गेली. त्याच मुलीने मशीन धरलं. टिंग झालं. फरशीवरचे डाग तोवर पुसून झाले होते.

आता नवे फॉन्ट आले आहेत, मला कुणी विचारत नाही. जाता जाता एवढंच मागतो, मित्रांनो. मला छापाल तेव्हा जपून छापा, काळ्या शाईत, दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडून. आणि कुठे लाल सांडलेलं असेल, तर ते तुम्ही पाहा. मशीनला ते दिसत नाही.