ओशार घराण्याचा हात

आन्सेल्म ओशारच्या गाईला अजून डोकं नव्हतं. धड, शेपूट, खूर कॅनव्हासवर झकास उतरले होते, आणि नेमकी आजच फिलोमेनकाकूंनी गाय बाजारात नेली होती. चित्र पुरं होईपर्यंत थांबा म्हणून त्याने कालच हात जोडले होते. "तुझं चित्र दूध देणार आहे का?" एवढं विचारून काकू झोपायला गेल्या.

गुराढोरांची चित्रं काढणाऱ्या या बाबाला पॅरिसच्या प्रदर्शनवाले दरवर्षी दारातूनच वाटेला लावत. यंदाही तेच झालं, तर जन्मभर खाटकांच्या पाट्या रंगवायच्या होत्या.

रंगाने बरबटलेल्या हातांनीच तो धावत सुटला. बाजारात काकू आणि लकान्यू नावाचा गुरांचा व्यापारी भावावरून हमरीतुमरीवर आले होते. लकान्यू तळहात पुढे करी, काकू आपला मागे घेत.

"थांबा! माझं ऐका!" आन्सेल्मने दोघांचे हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि गयावया करू लागला.

भोवतीची गर्दी ओरडली, "जुळले! झाला सौदा!"

नॉर्मंडीच्या बाजारात तिसऱ्याने दोघांचे हात जुळवले की भाव मधोमध ठरतो. शहरात राहून बेटा हे साफ विसरला होता.

"अहो, मी मोडायला आलो होतो!"

"मग जुळवलेस कशाला?" लकान्यूने निळा झालेला तळहात सगळ्यांना दाखवला.

"माझं काय धरता? मी साधा चित्रकार!"

"तू ओशार आहेस," काकू म्हणाल्या. "तुझ्या आजोबांनी जुळवलेला हात या बाजारात कधी सुटला नाही. तू सोडवणार असशील तर सांग बाबा, मी गाय घरी नेते."

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एका शब्दात गाय परत येत होती, डोकं पुरं होत होतं. पॅरिसमध्ये ज्या आडनावाला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यासाठी इथे अख्खा बाजार गप्प उभा होता. आन्सेल्मला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला.

"झाला सौदा," तो कसाबसा म्हणाला.

"शाब्बास!" लकान्यूने गाईचं दावं हातात घेतलं. "आता चल, तिकडे बैलावरून दोघं कधीचे भांडतायत. हात धुऊ नकोस, असाच ये."

आन्सेल्म गेला.