अर्धं बॉनेट

दातांच्या डॉक्टरांनी लाकडी पेटी बॉनेटवर ठेवली, तशी मेणकाकांनी ती उचलून त्यांच्या हातात परत दिली. बॉनेटवर काहीही ठेवायचं नाही हा त्यांचा जुना नियम होता, आणि तो किमती पेट्यांनाही लागू होता. डॉक्टरांनी निमूटपणे पेटी कट्ट्यावर ठेवली, कडी काढली आणि आतल्या मखमलीतून काचेची एक बरणी अलगद उचलली.

"मखमल कशाला?" मेणकाका म्हणाले. "वॅक्सला थंडी वाजते का?"

डॉक्टर हसले नाहीत. गाडीला लावायचं ते वॅक्स त्यांनी परदेशातून मागवलं होतं, कित्येक आठवडे वाट पाहिली होती आणि बायकोला किंमत अर्धीच सांगितली होती. तेवढ्या पैशांत मेणकाकांच्या नेहमीच्या पत्र्याच्या डब्यांनी एक कपाट भरलं असतं. डॉक्टरांचं म्हणणं, या वॅक्सने रंगाला खोली येते, पाण्यात पाहिल्यासारखं वाटतं. मेणकाकांचं म्हणणं, गाडी नीट धुवा, हात चांगला चालवा, मग डब्यावर काय लिहिलंय हे गाडीला वाचता येत नाही. हा वाद गेले कित्येक रविवार इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये चालू होता. आज त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

पंच म्हणून ड्रिल मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांकडे गाडी नव्हती, पण गाड्यांबद्दलची मतं भरपूर होती.

परीक्षा मेणकाकांच्या गाडीवर व्हायची होती, कारण ती गर्द निळी होती आणि गर्द रंग काही लपवत नाही. गाडी जुनी, तीही सेकंडहँड घेतलेली, पण इमारतीतल्या नव्या गाड्या तिच्याशेजारी उभ्या राहायला बिचकाव्यात अशी राखलेली. मेणकाकांची अख्खी नोकरी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत गेली. पाणी त्यांनी कधी बंद केलं नाही आणि कधी सोडलंही नाही, पण नळ कोरडा पडला की शिव्या मात्र त्यांनीच खाल्ल्या. सहा दिवस जगाचं ऐकून घेतलेला माणूस रविवारी खाली उतरायचा, आणि गाडी काही बोलायची नाही. इमारतीतल्या पोरांनी त्यांना मेणकाका हे नाव ठेवलं, तेव्हा ते रागावले नाहीत, उलट खूश झाले. काकू गाडीला सवत म्हणायच्या. "सवतीची आंघोळ झाली असेल तर वर या, जेवण गार होतंय," असं म्हणत त्या दर रविवारी हातात फडकं घेऊन खाली यायच्या आणि बोलता बोलता गाडीवरून इथे तिथे हात फिरवायच्या. त्या खोड काढायला येतात, असं काका समजून होते.

आजचा रविवार तसा वेगळाच होता. सकाळी लेक येऊन मागच्या सीटवर नातीची छोटी खुर्ची बसवून गेली होती. लेकीची नवी नोकरी उद्यापासून सुरू होणार होती आणि नातीला रोज संध्याकाळी शाळेतून आणायचं काम आजोबांकडे आलं होतं. निवृत्त झाल्यापासून मेणकाकांना कोणी काही काम सांगितलं नव्हतं. त्यांनी ही बातमी मास्तरांना दोनदा, डॉक्टरांना तीनदा आणि वॉचमनला येता जाता सांगितली होती. लेक आणि नात आता वर काकूंजवळ होत्या.

मास्तरांनी बॉनेटच्या मधोमध टेपची पट्टी चिकटवली. मग सगळ्यांकडे पाठ करून दोन सारख्या वाट्यांमध्ये दोन्ही वॅक्स काढली. कुठल्या वाटीत कुठलं, हे फक्त त्यांनाच ठाऊक. लावणार मात्र मेणकाका, दोन्हीकडे, म्हणजे हाताचा फरक नको, हे डॉक्टरांनीही मान्य केलं.

मेणकाकांनी बाह्या सरसावल्या. स्पंजवर नखाएवढं वॅक्स घेऊन त्यांनी आधी डावी बाजू धरली, मग उजवी. त्यांचा हात गोल गोल न फिरता सरळ जायचा, कडेला पोचला की वळायचा आणि आधीच्या पट्ट्याला अर्धा झाकत परत यायचा. लावून झाल्यावर थांबायचं असतं. वॅक्स सुकतं, त्यावर पांढरट धुकं धरतं, बोट ओढून पाहायचं आणि रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं. या थांबण्यातच खरी मजा आहे, असं मेणकाका म्हणायचे, पण आज ते त्या वेळात चष्मा पुसत बसले. हल्ली त्यांचा चष्मा सारखा पुसावा लागायचा. चष्मेवाल्याने काचा हलक्या घातल्या असणार, असा त्यांचा संशय होता. वॅक्सचे डबेही पूर्वीसारखे राहिले नव्हते.

मग त्यांनी फडकं घेतलं आणि दोन्ही बाजू पुसून काढल्या. मास्तरांनी टेप ओढली. तिघेही मागे सरले.

"उजवी," डॉक्टर लगेच म्हणाले. "पाहा ना काय खोली आहे. आभाळ उतरलंय त्यात. आणि डावीकडे, काका..." ते थांबले आणि हसले. "काका, ही लबाडी आहे हं. डावीकडचं तुम्ही पुसलंच नाही नीट."

"काय पुसलं नाही?"

"अहो, तो केवढा पांढरा डाग. मधोमध."

मेणकाकांनी बॉनेटकडे पाहिलं. त्यांना निळा रंग दिसला, दोन्हीकडे सारखा. गाडीवर पुसायचं राहिलेला डाग म्हणजे शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालून लग्नाला जाण्यासारखं, असं ते इतरांना सुनावायचे. इतकी वर्षं हाच डाग ते दुसऱ्यांच्या गाड्यांवर लांबून ओळखत आले होते. ते वाकले, चष्मा काढला, परत घातला.

मास्तर पुढे आले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "इथे. तळहाताएवढा आहे."

मेणकाकांना मास्तरांचा हात दिसला, बाहीचं बटण दिसलं, पण बोट जिथे टेकलं होतं तिथे नुसता ओलसर धूसरपणा होता. त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तेव्हा तो डाग दिसला. सरळ पाहिलं की जायचा, बाजूला पाहिलं की यायचा.

तेवढ्यात काकू फडकं घेऊन आल्या. आज लेक आणि नात आल्यामुळे त्यांना खाली यायला उशीर झाला होता. तिघांचे चेहरे आणि बॉनेटवरचा डाग त्यांनी एका नजरेत पाहिला, पुढे होऊन एका फटक्यात तो डाग पुसला, आणि बॉनेटच्या कडेला राहिलेला आणखी एकही.

"एवढं ते माझ्यासाठी ठेवतात," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "सवतीची सेवा मलाही घडावी म्हणून."

डॉक्टर हसले, विषय सुटला. मास्तरांनी निकाल सांगितला. डावीकडे बरणीतलं परदेशी वॅक्स होतं. डॉक्टरांनी ज्याच्यात आभाळ पाहिलं, ते पत्र्याच्या डब्यातलं निघालं. एरवी मेणकाकांनी या निकालावर महिनाभर काढला असता. डॉक्टर बिचारे उतरलेल्या तोंडाने बरणी मखमलीत ठेवू लागले आणि कोणी विचारलं नसताना म्हणाले, "आठवडाभर लोकांच्या तोंडात बघत असतो हो. रविवारी असं काहीतरी उघडावंसं वाटतं." मेणकाका काकूंच्या हातातल्या फडक्याकडे पाहत होते. त्यावर पांढरे डाग होते, आजचे आणि आधीचे, धुऊनही न गेलेले.

जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काकूंनी आधी न कळल्यासारखं केलं. मग कठड्याला टेकल्या. "बरेच महिने झाले. पहिल्यांदा वाटलं, घाई केली असेल. मग दर रविवारी काही ना काही राहायचं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणायचात डबे बिघडले, काचा बिघडल्या. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, फक्त कोणी बोललेलं नकोय. त्या गाडीशिवाय तुमच्याकडे दुसरं काय आहे हो?"

मेणकाकांना आठवू लागलं. हल्ली ते गाडी घेऊन भाजीला निघाले तरी काकू चपला घालून तयार असायच्या. वाटभर त्यांची टकळी चालू असायची. सिग्नल लाल झाला बघा, ती सायकल कशी मध्येच घुसली बघा, त्या बाईला काही घाई आहे का बघा. त्यांनी एकदा वैतागून म्हटलंही होतं, तू गप्प बसलीस तर मला गाडी चालवता येईल. आता त्यांना कळलं की ती गप्प बसली असती तर चालवता आली नसती. त्यांना तिचा राग आला, स्वतःची शरम वाटली, आणि दोन्हींच्या तळाशी तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी कठडा घट्ट धरला.

"उद्याही मी येणारच होते बाजूला," काकू म्हणाल्या. "सवय झालीय मला."

आता फक्त हो म्हणायचं उरलं होतं. त्यांनी मान डोलावली असती तर चाललं असतं. डॉक्टर विसरले होते, मास्तर बोलणारे नव्हते, लेकीला काही माहीत नव्हतं. उद्या संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी नात धावत आली असती आणि आजोबांनी तिच्यासाठी दार उघडलं असतं. हे दृश्य त्यांनी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की ते घडून गेल्यासारखंच झालं होतं. पण धावत येणाऱ्या नातीचा चेहरा आपल्याला सरळ पाहून दिसणार नाही, आणि रस्त्यात अशीच दुसऱ्या कोणाची नात धावत आली तर तीही दिसणार नाही, हेही त्यांना तिथेच, त्या वळणावर, लख्ख समजलं.

"तू बोलायला लागशील आणि मी ब्रेक मारीन, एवढ्या वेळात काय होईल सांग," ते म्हणाले. मग शांतपणे वर गेले.

लेक दारातच निघण्याच्या तयारीत उभी होती, नात तिचं बोट धरून. उद्याची वेळ, फाटक, शाळेच्या बाईंना दाखवायची चिठ्ठी, असं सगळं लेकीने एका दमात सांगायला घेतलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. तक्रार खिडकीची सवय होती.

"गाडीची किल्ली तू घेऊन जा," मग ते म्हणाले. "मला समोरचं नीट दिसत नाही. मधलं दिसतच नाही. हिला मी गाडीतून आणणार नाही."

लेक आईकडे पाहू लागली. काकूंनी मान खाली घातली.

"बाबा, आधी डोळे दाखवू. चष्म्याचाच नंबर असेल."

"दाखवू ना. पण किल्ली आजच घे. उद्या माझा विचार बदलेल."

त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. ते पाहून नातीने विचारलं, "आजोबा, मग आपण कसं यायचं?" काकूच म्हणाल्या, "बसने. तिघं एका बाकावर."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा झिजलाय. उपचारांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. मेणकाकांनी एकच विचारलं, कडेचं दिसत राहील ना. राहील, असं उत्तर मिळालं. तेवढ्यावर ते उठले.

आता रोज संध्याकाळी दोघं बसने शाळेच्या फाटकाशी जातात. गाडी लेकीकडे असते, पण रविवारी सकाळी ती न चुकता पार्किंगमध्ये आणून उभी करते. दातांच्या डॉक्टरांना मास्तरांकडून सगळं कळलं, तेव्हा ते ओशाळले आणि लाकडी पेटीच मेणकाकांकडे ठेवून गेले. बरणी तळाला आली, तेव्हा डॉक्टरांनी भीत भीत विचारलं, काका, दुसरी मागवू का, खरं सांगा.

"चकाकीसाठी मागवू नका," मेणकाका म्हणाले. "माझ्या डब्याने तेवढीच येते. पण रविवारी पेटी उघडताना तुम्हाला बरं वाटत असेल, तर मागवा. मलाही झाकण उघडलं की बरं वाटतं."

गाडीला वॅक्स अजूनही मेणकाकाच लावतात. हात ठरल्यासारखा सरळ जातो, कडेला वळतो, परत येतो. पुसायचं काम काकूंकडे आहे. गाडीच्या दोन बाजूंना दोघं असतात आणि त्यांचं भांडण चालू असतं, घासू नकोस, फिरव नुसतं, अहो मला कळतं, चाळीस भांडी घासते मी रोज. सगळं झालं की मेणकाका चष्मा काढून खिशात ठेवतात आणि बॉनेटवरून तळहात सावकाश फिरवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

परवाच्या रविवारी त्यांचा हात मध्येच थांबला.

"अगं, इथे राहिलंय."

काकूंनी वाकून पाहिलं. बॉनेट स्वच्छ होतं, त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. आणि आता त्या खरं तेच सांगायच्या.

"काही नाहीये तिथे."

"नक्की?"

"नक्की."

तरी काकूंनी फडक्याची कोरी बाजू वर केली आणि त्यांचा हात जरा बाजूला सारून तिथून एकदा फिरवली.