भोंगा वाजला होता

"भोंगा वाजला तर तुला कळणार कसं?" आमच्या मुकादमानं, पेन्टीनं विचारलं आणि सवयीप्रमाणे खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तोंड माझ्याकडे करून बोला ना," काम मागायला आलेली हिल्का म्हणाली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची आणि सपाट, जरा चढ्या आवाजात उत्तर द्यायची. शेजारच्या गावातल्या सॉ मिलमध्ये, लाकडं कापायच्या गिरणीत तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं. ती मिल बंद पडली आणि तेव्हापासून जाईल तिथं हाच प्रश्न तिच्यापुढे येत होता. आमच्याकडेही नकार मिळाला तर घर विकून हेलसिंकीला बहिणीच्या आश्रयाला जाणं एवढंच उरलं होतं.

आमच्या मिलमध्ये असल्या गोष्टी कॉफीच्या खोलीतच उरकतात. मी किटली घेऊन उभा होतो, आणि मला गप्प राहता येत नाही.

"पेन्टी, इथं कॉफीला बोलतंय कोण? सगळे बर्फाकडे बघत पाव चावतात. ही आली तर फरक तरी कळेल का कुणाला?"

"सुलेवी, तू थोबाड बंद ठेव. प्रश्न भोंग्याचा आहे."

ओंडके करवतीकडे ओढून नेणारी साखळी सुरू करण्याआधी भोंगा द्यायचा, हा आमचा नियम. आणि शेडमध्ये पाऊल टाकताना कानांवर आवाज अडवणारे जाडजूड इअरमफ चढवायचे, हाही आमचाच नियम. दोन्ही पाट्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. आम्ही इतके शहाणे, की त्या एकत्र कधी वाचल्याच नाहीत. रैमो गेल्यावरसुद्धा नाही.

रैमो पेन्टीचा धाकटा भाऊ. अडकलेली सालपटं काढायला तो साखळीखाली उतरला होता. पेन्टीनं भोंगा दिला, थोडा थांबला आणि बटण दाबलं. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यानं एकच सांगितलं, भोंगा वाजला होता. आईलाही दफनाच्या दिवशी तेच सांगितलं. त्या वाक्याच्या आधारावर तो जगत होता. एकटा असला की त्याचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

आताही ते हलले.

"कोणाला?" हिल्कानं विचारलं.

"काय कोणाला?"

"'भोंगा वाजला होता' म्हणालात ना तुम्ही आत्ता. कोणाला ऐकू आला?"

पेन्टीचा चेहरा पांढराफटक पडला. मी किटली खाली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिनं फक्त त्याचे ओठ वाचले होते.

"आमच्या जुन्या मिलमध्ये भोंग्याबरोबर फिरता दिवा होता," ती म्हणाली. "आणि आत गेलेला माणूस बाहेर येऊन हात वर करेपर्यंत साखळी सुरू व्हायची नाही. माझ्या एकटीसाठी नव्हतं ते. सगळ्यांसाठीच."

आता हा हिला हाकलणार, असं मला वाटलं. दिवा लावायचा म्हणजे भोंगा पुरेसा नव्हता हे कबूल करायचं. मग त्याच्याकडे धरायला काय उरणार होतं? मला त्या क्षणी त्याची भयंकर कीव आली.

त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला.

"सोमवारी ये. दिवा बसवून घेतो."

सोमवारी पहिल्याच पाळीत सालपटं अडकली. साखळी थांबवली. हिल्का खाली उतरली, कचरा ओढून काढला, बाहेर आली आणि पेन्टीकडे बघत हात वर केला. पेन्टीनं भोंगा दिला. लाल दिवा फिरू लागला.

बटण मात्र दाबलं गेलं नाही.

पेन्टीचं बोट त्यावरच होतं. तो साखळीखालच्या काळोखाकडे बघत होता, अजून एकजण यायचा राहिल्यासारखा. ओंडके खोळंबले. कुणीही त्याला हटकलं नाही. हिल्कानं आमचे चेहरे बघितले, मग तीही वळली आणि हात खाली न घेता त्याच काळोखाकडे बघत उभी राहिली.